गळालेला ‘नाय’: बोललेल्या शब्दाची वेळ यंत्र कशी ठरवते



मागील पावसाळ्यानंतर आम्ही तयार केलेली एक छोटी चित्रफीत आपल्यापैकी काहींनी रविवारच्या उपासनेनंतर पाहिली असेल. जव्हार तालुक्यातील एका पाड्यावरची वारली भगिनी आपल्या बाळंतपणाविषयी सांगते आहे आणि पडद्यावर पाड्याची, भातखाचरांची छायाचित्रे सरकत आहेत, अशी ती दोन मिनिटांची फीत होती. तिचे शेवटचे वाक्य होते, “रातचं गेलो, तरी नर्सबाईनं पैसे मागितले नाय.” फितीत मात्र ऐकू आले ते एवढेच: “रातचं गेलो, तरी नर्सबाईनं पैसे मागितले.”

‘नाय’ हा एक शब्द गळाला आणि उपकाराच्या आठवणीची तक्रार झाली. एका मंडळीतील बंधूंनी अगदी चांगल्या हेतूने त्या आरोग्य केंद्राविषयी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिले. नर्सबाईंना लेखी खुलासा द्यावा लागला. आम्हाला कळले तेव्हा आम्ही मूळ ध्वनिमुद्रण घेऊन कार्यालयात गेलो, ते पूर्ण ऐकवले, लेखी क्षमा मागितली आणि प्रकरण मिटले. पण ज्या बाई मध्यरात्री उठून धावल्या, त्यांच्या मनाला लागायचे ते लागलेच. पाड्यावर जाऊन त्या भगिनीलाही सर्व सांगितले. ती इतकेच म्हणाली, “मी तर नाय म्हटलं होतं.”

चूक आमची होती. ती कशी झाली हे शोधताना बरेच काही शिकायला मिळाले. मी तंत्रज्ञ नाही. ईश्वरविज्ञानाची पदविका घेऊन पाड्यांवर काम करणारा कार्यकर्ता आहे. पण आज अनेक मंडळ्यांमध्ये प्रवचने, साक्षी, मुलाखती मोबाईलवर मुद्रित होतात आणि सॉफ्टवेअरकडून लिहून घेतल्या जातात. म्हणून हा विषय आपल्या सर्वांच्या उपयोगाचा आहे असे वाटते.

मजकूर बरोबर, वेळ चुकीची

त्या भगिनीचे बोलणे सुमारे चाळीस मिनिटांचे होते. एवढे सगळे हाताने लिहून काढायला एक-दोन दिवस जातात. म्हणून आमच्या तरुण सहकाऱ्याने बोलण्याचा मजकूर करून देणारे सॉफ्टवेअर वापरले. त्याने मजकूर दिला आणि प्रत्येक शब्द कोणत्या क्षणी सुरू झाला व कोणत्या क्षणी संपला हेही दिले. मजकुरात ‘नाय’ होता. आम्ही मजकूर तपासला होता आणि तो बरोबर होता.

चूक वेळेत होती. ‘मागितले’ म्हटल्यावर ती भगिनी क्षणभर थांबली. मांडीवरचे बाळ कुरकुरले, तिने त्याला थोपटले आणि मग हळू आवाजात ‘नाय’ म्हटले. सॉफ्टवेअरने हा शब्द त्या थांबण्याच्या जागीच बसवला आणि तेथेच तो संपला असे दाखवले. सहकाऱ्याने त्या आकड्यावर विश्वास ठेवून फीत कापली. खरा ‘नाय’ त्यानंतर साधारण अर्ध्या सेकंदाने आला होता. आपण सहज बोलतो तेव्हा एका सेकंदात दोन-तीन शब्द निघून जातात. म्हणजे अर्धा सेकंद हा एका पूर्ण शब्दाचा हिशेब आहे.

येथे पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की ‘काय बोलले’ आणि ‘कधी बोलले’ हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बरोबर आले म्हणून दुसऱ्याचेही बरोबर असेलच असे नाही.

मराठीत याला आणखी एक धार आहे. हिंदीत ‘पैसे नहीं माँगे’ म्हणताना नकार क्रियापदाच्या आधी येतो. इंग्रजीतही तो आधीच येतो. आपल्याकडे ‘मागितले नाही’, ‘गेलो नाही’, ‘दिले नाही’ असा नकार वाक्याच्या अगदी शेवटी बसतो. वाक्य संपताना आवाज खाली येतो, श्वास संपत आलेला असतो. म्हणजे संपूर्ण अर्थ उलटवणारा शब्द नेमका सर्वात हळू उच्चारला जातो, आणि कात्री चालते तीही नेमकी तेथेच.

बोलताना शब्दांमध्ये जागा नसते

कागदावर दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, म्हणून बोलण्यातही ती असेल असे आपल्याला वाटते. तसे नसते. ‘मी आलो’ हे सहज म्हणून पाहा. ‘मी’ कोठे संपला आणि ‘आ’ कोठे सुरू झाला हे सांगता येत नाही. एक स्वर दुसऱ्यात मिसळतो. उलट ‘कप्पा’ म्हणताना ओठ मिटतात आणि शब्दाच्या पोटातच क्षणभर शांतता होते. म्हणजे दोन शब्दांमध्ये शांतता नाही आणि एका शब्दाच्या आत मात्र आहे. यंत्राने नुसती शांतता शोधली, तर ते शब्दाचे दोन तुकडे करील आणि दोन शब्दांचा एक करील.

काही अक्षरांची कड स्पष्ट असते. ‘प’, ‘ट’, ‘क’ यांच्या सुरुवातीला बारीक स्फोट होतो, तो ध्वनीच्या चित्रात उभ्या रेषेसारखा दिसतो. ‘य’, ‘व’ आणि स्वर यांची कड धूसर असते. ‘नाय’ हा शब्द ‘य’वर संपतो आणि विरत जातो. तो कोठे संपला हे कानाला कळते, पण त्यावर नेमके बोट ठेवणे माणसालाही कठीण जाते. दोन जाणकारांना एकाच शब्दाची कड दाखवायला सांगितली, तर त्यांच्या खुणा तंतोतंत एकाच ठिकाणी पडत नाहीत. म्हणूनच या क्षेत्रातले लोक सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे २० मिलिसेकंदांचा फरक बहुधा चूक धरत नाहीत.

यंत्र वेळ कशी ठरवते

यंत्र हे काम कसे करते? मुख्यतः तीन रीती आहेत.

पहिली रीत ‘व्हिस्पर’ या प्रणालीची. ओपनएआय कंपनीने ती सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली आणि तिची घडण कोणालाही वाचता येते. तिला ६ लाख ८० हजार तासांचे बोलणे व त्याचा मजकूर देऊन शिकवले होते. ती आवाजाचे ३० सेकंदांचे तुकडे घेते आणि एकेक तुकडा ऐकून मजकूर लिहीत जाते. एखादा लिपिक प्रवचन ऐकून वहीत लिहितो, तसे. वाक्य किंवा वाक्यांश कोठून कोठपर्यंत आहे एवढे ती स्वतः सांगते. प्रत्येक शब्दाची वेळ मात्र नंतर अंदाजाने काढली जाते. एखादा शब्द लिहिताना यंत्राचे लक्ष आवाजाच्या कोणत्या भागाकडे अधिक होते हे पाहायचे आणि त्यावरून शब्दाची जागा ठरवायची, अशी ती युक्ती आहे.

येथेच मेख आहे. लिपिकाला आपण विचारले, “हा शब्द लिहिताना तुमचे लक्ष कोठे होते?” तर तो सांगेल ते साधारण खरे असेल. पण ते घड्याळ लावून केलेले मोजमाप नव्हे. वक्ता मध्येच थांबला, तर ती शांतता मागच्या शब्दात धरायची की पुढच्या, याचा गोंधळ अशा रीतीत नेहमी होतो. एका तुकड्यात वेळ चुकली, तर पुढचा तुकडा चुकीच्या जागेपासून सुरू होऊ शकतो. लांब शांतता असेल, तर कधी कधी कोणी न बोललेले शब्दही लिहिले जातात, आणि त्यांनाही वेळ दिली जाते.

दुसऱ्या रीतीत यंत्र आवाजाचे अगदी बारीक काप करते आणि प्रत्येक कापाला विचारते, “तू कोणते अक्षर?” बहुतेक काप उत्तर देतात, “कोणतेच नाही.” अधूनमधून एखादा काप ठामपणे एका अक्षराचे नाव सांगतो. माळेत दोरा लांब आणि मणी थोडे असावेत, तसे हे चित्र दिसते. मणी कोठे आहे ते चांगले कळते. पण अक्षर किती लांबले, कोठे सुरू झाले आणि कोठे विरले हे मण्यावरून कळत नाही. शब्दाची सुरुवात व शेवट हवा असेल, तर तो पुन्हा अंदाजच ठरतो.

तिसरी रीत जुनी आणि अधिक भरवशाची. येथे यंत्राला ‘काय बोलले’ हे विचारायचेच नाही. मजकूर आपण द्यायचा, आवाजही आपण द्यायचा आणि एवढेच विचारायचे की यातला कोणता शब्द आवाजात कोठे आहे. एकच गीत दोन मंडळ्या गात आहेत, एक संथ आणि एक जलद, अशी कल्पना करा. शब्द आपल्याला पाठ आहेत. फक्त या मंडळीची चाल कोठे रेंगाळली आणि कोठे धावली ते पाहायचे आहे. यासाठी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘माँट्रियल फोर्स्ड अलाइनर’ हे साधन भाषेचे अभ्यासक फार वापरतात. त्याला प्रत्येक शब्दाचा उच्चार सांगणारा कोश लागतो. मराठीत हा कोश जपून करावा लागतो. ‘चाक’मधला ‘च’ आणि ‘चिमणी’मधला ‘च’ आपण वेगळे उच्चारतो पण एकच लिहितो. आणि ‘करतो’ लिहिताना ‘र’ पूर्ण असला, तरी बोलताना तो अर्धाच राहतो.

या रीतींची सांगडही घालता येते. २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ‘व्हिस्परएक्स’ हे साधन प्रसिद्ध केले. ते आधी आवाजात बोलणे कोठे आहे व शांतता कोठे आहे हे वेगळे काढते, मग व्हिस्परकडून मजकूर लिहून घेते आणि शेवटी दुसऱ्या यंत्राकडून तो मजकूर आवाजावर बसवून घेते. शब्दांच्या वेळा पुष्कळ सुधारतात. तरी त्यातही एक गंमत आहे. मजकुरात आकडे अंकांत लिहिलेले असतील, तर त्या शब्दाला वेळच मिळत नाही, कारण जुळवणारे यंत्र अक्षरे ओळखते, अंक नव्हे. म्हणून आम्ही आता ‘१५ दिवस’ न लिहिता ‘पंधरा दिवस’ असे अक्षरी लिहून मगच मजकूर यंत्राला देतो.

पाड्यावरची भाषा आणि नव्या कराराची वाचने

व्हिस्परला सुमारे शंभर भाषा शिकवलेल्या आहेत. त्यांत मराठी, हिंदी, गुजराती आहेत. भिली, गोंडी, कोरकू, वारली नाहीत. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून अधिक नोंदले गेले. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत भिली नाही. संताळी आणि बोडो यांना तेथे जागा मिळाली ती २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने. भाषा यादीत नसली की तिची पुस्तके, मुद्रणे, कोश कमी होतात आणि मग यंत्राला शिकवायला काही उरत नाही.

अशा भाषेतले बोलणे मराठी शिकलेल्या यंत्राला दिले, तर ते “मला समजले नाही” असे सहसा म्हणत नाही. ऐकू आलेल्या आवाजाला जवळचे मराठी किंवा हिंदी शब्द लिहून देते आणि त्या न बोललेल्या शब्दांना वेळाही नेमून देते. आकडे दिसायला नीटनेटके असतात, म्हणून आपण फसतो. आमच्या भगिनीचे बोलणे मराठी आणि वारली मिसळलेले होते, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे.

आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगायची आहे. मेटा कंपनीच्या संशोधकांनी मे २०२३ मध्ये अकराशेहून अधिक भाषांचे बोलणे ओळखणारी प्रणाली जाहीर केली. इतक्या भाषांचे आवाज त्यांना मिळाले कोठून? नव्या कराराच्या वाचनांतून. एवढ्या साऱ्या भाषांत ज्याचा मजकूरही आहे आणि मोठ्याने वाचून केलेले मुद्रणही आहे, असे दुसरे पुस्तक मिळणे कठीण. प्रत्येक भाषेमागे सरासरी सुमारे ३२ तासांचे वाचन त्यांच्या हाती आले.

पण ही मुद्रणे अध्यायागणिक होती. नव्या करारात २६० अध्याय आहेत. एकेका अध्यायाचे अनेक मिनिटांचे सलग वाचन कापून वचनाशी वचन जुळवायचे होते. म्हणजे काम आमचेच, फक्त प्रचंड प्रमाणावर. त्यांच्या अडचणीही आपल्याला ओळखीच्या वाटतील. वाचक सुरुवातीला पुस्तकाचे व अध्यायाचे नाव सांगतो, ते मजकुरात नसते. यंत्र मात्र छापलेला पहिला शब्द त्या नावावरच बसवू पाहते आणि पुढचे सगळे सरकते. यावर त्यांनी एक युक्ती केली. मजकुराच्या आरंभी एक तारकेची खूण ठेवली. तिचा अर्थ असा की येथे आवाजात काहीही असू शकेल, ते मजकुरात शोधू नये.

मोबाईलवर वचन वाचले जात असताना तेवढीच ओळ रंगते, असे ॲप काहींनी पाहिले असेल. एसआयएल संस्थेच्या ‘स्क्रिप्चर ॲप बिल्डर’मध्ये यासाठी ‘एनियस’ नावाचे साधन वापरता येते. त्याची रीत मोठी मजेशीर आहे. ते आपल्याला दिलेला मजकूर आधी स्वतःच्या कृत्रिम आवाजात वाचते. मग त्या आवाजाची चाल खऱ्या वाचकाच्या चालीशी ताडून पाहते. एखाद्या भाषेचा कृत्रिम आवाज नसेल, तर जवळच्या भाषेचा उसना घेतात. वचन किंवा वाक्यांश रंगवण्यापुरते हे चांगले चालते. एकेका शब्दासाठी त्यावर विसंबू नये.

अचूकता किती हवी आणि मोजायची कशी

प्रत्येक कामाला सारखी अचूकता लागत नाही. चाळीस मिनिटांत पाण्याचा विषय कोठे आला हे शोधायचे असेल, तर दोन-चार सेकंदांचा फरक चालतो. पडद्यावर ओळी दाखवायच्या असतील, तर पाव-अर्ध्या सेकंदाने डोळ्यांना थोडे खटकेल, एवढेच. बोलणे कापायचे असेल, तर मात्र सेकंदाचा दहावा भागही जास्त होतो. आम्ही शोधण्यापुरती अचूकता असलेली वेळ कापण्यासाठी वापरली.

मोजण्याची रीत साधी आहे. काही मिनिटांचे बोलणे घ्यावे. भाषा जाणणाऱ्या माणसाने कानाने ऐकून प्रत्येक शब्दाची सुरुवात व शेवट खूण करावी. मग यंत्राचे आकडे शेजारी ठेवून फरक पाहावा. इंग्रजीसाठी १९८० च्या दशकात ६३० जणांची ६,३०० वाक्ये मुद्रित करून, त्यांतील प्रत्येक ध्वनीच्या कडा तज्ज्ञांनी तपासून एक संग्रह तयार केला. ‘टिमिट’ नावाने तो प्रसिद्ध आहे आणि आजही मोजपट्टी म्हणून वापरला जातो.

मोजताना नुसती सरासरी पाहू नये. शंभर शब्दांपैकी पंच्याण्णव नेमके आणि पाच अर्ध्या सेकंदाने चुकलेले असतील, तर सरासरी चांगलीच दिसते. पण आमचा ‘नाय’ त्या पाचांतला होता. सुरुवात आणि शेवट यांची चूकही वेगवेगळी पाहावी, कारण शब्दाचा शेवट सुरुवातीपेक्षा अधिक चुकतो.

आता आम्ही काय करतो

या प्रसंगानंतर आम्ही काही नियम घालून घेतले आहेत. आपल्या मंडळीतही ते पाळता येतील.

१. मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे जपून ठेवतो. कापाकापी नेहमी प्रतीवर करतो. मूळ फाईल नसती, तर नर्सबाईंची बाजू आम्हाला मांडताच आली नसती.

२. यंत्राची वेळ ही वाटाड्या समजतो, हद्दीची खूण नव्हे. कापताना दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडतो आणि नेमकी कड कानाने ठरवतो.

३. ‘नाही’, ‘नाय’, ‘नको’, ‘नव्हते’ हे शब्द मजकुरात शोधून काढतो आणि त्यातला प्रत्येक शब्द कापलेल्या फितीत ऐकू येतो का ते तपासतो. या कामाला दहा मिनिटे लागतात.

४. पाड्यावरच्या भाषेतले बोलणे आधी त्या भाषेच्या माणसाकडून लिहून घेतो, मग यंत्राकडून फक्त जुळवून घेतो.

५. मुद्रण करताना मोबाईल बोलणाऱ्याजवळ ठेवतो, पंखा बंद करतो आणि एका वेळी एकानेच बोलावे अशी विनंती करतो. आवाज स्वच्छ असला की वेळही सुधारते.

६. तयार फीत बाहेर पाठवण्यापूर्वी जिचे बोलणे आहे तिला ऐकवतो. ती ‘हो’ म्हणाली तरच पुढे जाते.

हा शेवटचा नियम आम्हाला सर्वात आधी सुचायला हवा होता. त्या भगिनीने पहिल्याच ऐकण्यात आमची चूक पकडली असती. त्यासाठी तिला कोणतेही सॉफ्टवेअर लागले नसते.

होय आणि नाही या दोन शब्दांविषयी प्रभूने काय शिकवले ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आपण अनेकदा वाचले आहे. आजवर मी ते माझ्या स्वतःच्या बोलण्यापुरते समजत होतो. दुसऱ्याचा ‘नाही’ आपल्या हातून पुढे पोहोचत असेल, तर तो ‘नाही’ म्हणूनच पोहोचला पाहिजे, ही जबाबदारीही त्यातच आहे असे आता वाटते.

आमच्याकडे वारली व कातकरी पाड्यांवरची बरीच मुद्रणे पडून आहेत. ती ऐकून तपासायला माणसे हवी आहेत. संगणकाचे ज्ञान नसले तरी चालेल. वारली किंवा कातकरी बोली समजणारे, आठवड्याला दोन तास आणि शांतपणे ऐकणारे कान एवढे पुरे. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या पाळकसाहेबांमार्फत कळवावे. त्या नर्सबाईंसाठी, त्या भगिनीसाठी आणि तिच्या बाळासाठी प्रार्थनेत आठवण ठेवावी, ही नम्र विनंती.